प्राण्यांसाठी नवं उपकरण बनवायचं असेल तर: माणसाचं लहान करून भागत नाही

प्रश्न विचारणारे मेकॅनिकल इंजिनीअर आहेत. प्राण्यांच्या उपचारासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी नवीन उपकरणं बनवायची त्यांची इच्छा आहे. माणसांसाठीची उपकरणं लहान-मोठी करून चालतील का, चाचण्या कशा घ्यायच्या, परवाना लागतो का, आणि पेटंट आधी घ्यावं की नमुना आधी बनवावा, असं त्यांनी विचारलं आहे. मी पशुशल्यचिकित्सक आहे आणि इंजिनीअर मंडळींबरोबर बसून अशी कामं केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लहान-मोठं करून क्वचितच भागतं. आकार ही त्यातली सर्वांत सोपी अडचण. खरी अडचण अशी की प्राणी म्हणजे वेगळ्या मापाचा माणूस नव्हे, आणि शेळी म्हणजे वेगळ्या मापाचा कुत्राही नव्हे.

ग्लुकोमीटरचंच बघा. रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा आणि आकडा वाचायचा. यात प्राणी कोणता याने काय फरक पडतो, असं वाटेल. पण माणसाच्या रक्तातली साखर प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) आणि तांबड्या पेशी यांच्यात साधारण 58 आणि 42 टक्के अशी वाटलेली असते. कुत्र्यात हेच प्रमाण 87.5 आणि 12.5, मांजरात 93 आणि 7. माणसाचं यंत्र माणसाची वाटणी गृहीत धरून आकडा दाखवतं, त्यामुळे कुत्र्या-मांजरात तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी येतो. त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरणार असेल तर काय होईल ते सांगायला नको. इथे प्लास्टिकचा डबा तोच ठेवून आतलं गणित बदललं की काम होतं. प्राण्यांसाठी वेगळे ग्लुकोमीटर आले ते यातूनच.

रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रात गणित बदलूनही पुरत नाही. ही यंत्रं पेशी ओळखतात ती बऱ्याच अंशी आकारावरून. माणसाची तांबडी पेशी 80 ते 100 फेम्टोलिटरची, मांजराची 39 ते 55, आणि शेळीची जेमतेम 16 ते 25. शेळीचं रक्त माणसाच्या सेटिंगवर घातलं तर तांबड्या पेशी प्लेटलेटमध्ये जमा होतात. मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात, त्यामुळे तिथे उलटा घोळ. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत तर केंद्रकच असतं, म्हणून त्यांच्या पांढऱ्या पेशी मोजताना साधं यंत्र पार गोंधळतं. घोड्याच्या ईसीजीत टी-लाट एवढी उंच येऊ शकते की मॉनिटर एकाच ठोक्याचे दोन मोजतो आणि भूल देणारा उगाच घाबरतो.

भुलेच्या वेळी श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ जरा जवळून बघू. 3 किलोचं मांजर एका श्वासात साधारण 30 मिलिलिटर हवा आत घेतं. मिनिटाला 20 श्वास धरले तर 600 मिलिलिटर. बाजूने हवा ओढणारा कॅप्नोग्राफ मिनिटाला 200 मिलिलिटर ओढत असेल, तर तो मांजराच्या एकूण हवेचा तिसरा हिस्सा नेतोय. पडद्यावर आकडा व्यवस्थित दिसतो, पण तो ताज्या वायूत मिसळून पातळ झालेला असतो. त्यात नळीला मोठ्या माणसासाठीचा फिल्टर लावला, की त्या फिल्टरची आतली जागाच काही वेळा एका श्वासाएवढी भरते. मांजर आपणच सोडलेली हवा पुन्हा ओढत राहतं. कुठेही गळती नाही, यंत्र बिघडलेलं नाही, सगळं जोडलेलं बरोबर, आणि तरी रुग्ण खालावतो. म्हणून श्वसनाशी संबंधित काही बनवत असाल तर पहिला प्रश्न ‘आतली मोकळी जागा किती’ हा हवा. सशांसाठी आणि मांजरांसाठी घशाच्या ठेवणीनुसार श्वसनमार्गात बसवायची वेगळी साधनं तयार झाली, त्यामागेही शरीराच्या ठेवणीचीच अडचण होती. सशाचं तोंड जेमतेम उघडतं, पुढचे दात लांब, जीभ जाड; नळी आत घालताना स्वरयंत्र दिसतच नाही.

हे झालं मोजमापाचं आणि भुलेचं. शस्त्रक्रियेच्या साधनांत आणि इम्प्लांटमध्ये (शरीरात बसवायच्या प्लेट, स्क्रू अशा वस्तूंमध्ये) मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: टेबलावर उपकरण चाललं तर निम्मंच काम झालं. खरी परीक्षा प्राणी शुद्धीवर आल्यावर सुरू होते, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता.

माणसाला सांगता येतं, सहा आठवडे पायावर भार देऊ नका. कुत्रा भूल उतरली की उठतो, दार वाजलं की धावतो, पट्टी दिसली की चावतो. मांजर टाके चाटून काढतं. पोपटाच्या चोचीपुढे बहुतेक बंधनं टिकत नाहीत. गाय अंग घासायला खांब शोधतेच. यावर उपाय म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालतात, पण सशाला ती घातली तर त्याला स्वतःची मऊ विष्ठा परत खाता येत नाही. ते खाणं त्याच्या पोषणाचा भाग आहे. म्हणजे जखम वाचवायला गेलो आणि पोट बिघडवून बसलो. तुमच्या डिझाइनच्या कागदावर ‘रुग्ण सहकार्य करेल’ असं कुठे गृहीत धरलेलं असेल, तर ती ओळ शोधून खोडा आणि पुन्हा विचार करा.

या अडचणीतून फार चांगली उपकरणं निघाली आहेत. 1930च्या दशकात ऑटो स्टेडर या अमेरिकन पशुवैद्याने कुत्र्यांच्या मोडलेल्या हाडांसाठी बाहेरून बसवायची चौकट तयार केली: हाडात पिना, बाहेर जोडणारा दांडा. प्लास्टरमध्ये अडकून पडण्याऐवजी प्राणी हिंडू-फिरू शकत होता. पुढे हीच स्टेडर स्प्लिंट माणसांवर वापरली गेली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलापर्यंत पोहोचली. माणसाकडून प्राण्याकडे अशी एकच दिशा असते, हा समज सोडून द्यावा. कॉलिन मर्डॉक हा न्यूझीलंडचा औषधनिर्माता आणि पशुवैद्य. एकाच काचेच्या सिरिंजने एकामागोमाग एक जनावरं टोचली की रोग पसरतो, हे त्याला खुपत होतं. 1950च्या दशकात त्याने एकदा वापरून टाकून द्यायची प्लास्टिकची सिरिंज काढली. दुरून भूल देणारी बंदूकही त्याचीच.

मोठ्या जनावरात मात्र नुसतं मजबूत इम्प्लांट पुरत नाही, हे बार्बारो या शर्यतीच्या घोड्याच्या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे. मे 2006मध्ये शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये लॉकिंग प्लेट आणि 27 स्क्रू लावून पाय जोडला. भुलेतून उठताना घोडा धडपडतो आणि जोडलेलं हाड पुन्हा मोडतो, म्हणून त्याला तराफ्यात बसवून पाण्याच्या तलावात शुद्धीवर आणलं. तो तलाव आणि तराफा हेही एक उपकरणच, आणि फार हुशारीचं. हाड बऱ्याच अंशी जुळलं. पण दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्या पायांवर गेला, आधी डाव्या मागच्या खुराला आणि मग पुढच्या खुरांना लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराची वेदनादायक सूज) झाला. जानेवारी 2007मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. घोडा तीन पायांवर आठवडेच्या आठवडे उभा राहू शकत नाही आणि गादीवर पडूनही राहू शकत नाही. तुम्हाला मोठ्या जनावरांत काम करायचं असेल तर माझं मत विचाराल तर आणखी एक प्लेट बनवू नका. चांगल्या पायाचा भार कसा हलका करता येईल, यावर डोकं लावा. तिथे अजून भरपूर जागा आहे.

कधी प्रश्नच वेगळ्या कोनातून बघावा लागतो. कुत्र्याच्या गुडघ्यातला क्रूसिएट अस्थिबंध तुटला की माणसासारखाच नवा अस्थिबंध घालायचे प्रयत्न बरीच वर्षं चालले होते. बार्कले स्लोकम या पशुशल्यचिकित्सकाचं लक्ष उताराकडे गेलं. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो, अनेकदा 25 अंशांच्या आसपास. कुत्र्याने पाय टेकला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि नडगी पुढे ढकलली जाते. अस्थिबंध रोज हा ताण सोसत असतो. स्लोकमने अस्थिबंधाचा नादच सोडला. हाड वक्र कापायचं, फिरवायचं, उतार 5 अंशांच्या जवळ आणायचा आणि प्लेटने बसवायचं. 1993मध्ये हे तंत्र प्रसिद्ध झालं. त्यासाठी गोलाईत कापणारी करवत, पकडून ठेवणारी चौकट, वेगळ्या आकाराची प्लेट असा सगळा संच घडवावा लागला. क्रम लक्षात घ्या: आधी भाराचं गणित, मग शस्त्रक्रिया, आणि उपकरण शेवटी. आमच्याकडे येणारे बहुतेक इंजिनीअर उपकरण हातात घेऊन येतात आणि रोग शोधत बसतात.

नमुना कसा वाढत जातो याचं मला आवडणारं उदाहरण नायलॉनच्या केबल टायचं आहे. कुत्रीची अंडाशयं काढताना रक्तवाहिन्यांचा देठ घट्ट बांधावा लागतो. देठ खोल, चरबीने बुळबुळीत, गाठ मारताना पहिला वेढा सैल पडतो आणि तो निसटला तर पोटात रक्तस्राव. वायरी बांधायचा केबल टाय तिथे सुरेख चालतो: एका दिशेने सरकतो, मागे येत नाही, हाताची ताकद थेट आवळण्यात जाते. काही पशुवैद्यांनी तो वापरला. अडचण कालांतराने समोर आली. नायलॉन विरघळत नाही, दातेरी पट्टी तिथेच राहते, आणि काही कुत्र्यांत तिच्याभोवती गाठी आणि वाहणाऱ्या जखमा झाल्या. स्वीडनमध्ये ऑड होग्लुंड यांच्या संशोधनातून याच तत्त्वावर शरीरात विरघळणारी पट्टी तयार झाली. कुलपाची कल्पना तीच, पदार्थ बदलला. पण विरघळणारा पॉलिमर नायलॉनएवढा कणखर नसतो, त्यामुळे दाते, जाडी, लवचिकता सगळं नव्याने बसवावं लागतं. जुगाडाला नाक मुरडू नका. त्याने कोणता प्रश्न सोडवला आणि कुठे फसला, दोन्ही टिपून घ्या.

काही उपकरणांत तर हलणारा भागच नसतो. गाय चाऱ्याबरोबर तार, खिळा गिळते. तो जाळीसारख्या दुसऱ्या पोटकप्प्यात जाऊन पडतो, आणि पोटाच्या आकुंचनाने टोचत टोचत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यापर्यंत, कधी हृदयाच्या आवरणापर्यंत जातो. उपाय म्हणजे बोटाएवढा गुळगुळीत लोहचुंबक गिळायला लावणं. जडपणामुळे तो त्याच कप्प्यात बसतो आणि जन्मभर लोखंड धरून ठेवतो. आधीच चुंबक दिलाय का, हे बाहेरून होकायंत्र धरून कळतं. खच्चीकरणाच्या बर्डिझो चिमट्याचं सौंदर्यही असंच: कातडी न फोडता आतली शुक्ररज्जू चिरडायची. तो नीट आहे का हे पाहायला कागदाच्या दोन तुकड्यांत दोरा ठेवून दाबायचं. दोरा तुटला पाहिजे, कागद शाबूत राहिला पाहिजे. वापरणाऱ्याला कारखान्याबाहेर, कुठल्याही यंत्राशिवाय करता येईल अशी तपासणी किती नव्या उपकरणांना असते?

मग कल्पना शोधायच्या कुठे? पशुवैद्याला ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारून फारसं मिळत नाही. आम्ही गैरसोयीला इतके सरावलेले असतो की ती सांगायचं सुचतच नाही. त्यापेक्षा शेजारी उभं राहून हात बघा. अडलेल्या गाईचं उदाहरण घ्या. खांद्यापर्यंत हात गर्भाशयात, वासराचं डोकं मागे वळलेलं, आणि गाईने कळ दिली की हात हाडात दाबला जातो, बोटं बधिर होतात. काही दिसत नाही, हातमोजा निसरडा, दुसरा हात बाहेर साखळी धरून. इथे एका हाताने, न बघता, बोटांच्या जाणिवेवर बसवता आणि तितक्याच सहज सोडवता येईल असं साधन हवं. बटण असेल तर ते चुकून दाबलं जाणार. ओढण्याचं यंत्र असेल तर ते जास्तीत जास्त किती जोर लावेल याला मर्यादा हवी, कारण तरफेच्या दांड्यावर हलका हात ठेवणाऱ्याला पलीकडे किती ताण गेलाय ते कळत नाही, आणि वासराचा पाय किंवा गाईची कटी जायबंदी होते. जोर मोजून ठरावीक मर्यादेला घसरणारा क्लच हा तुमच्या हातखंड्याचा विषय. प्रसूतीच्या साधनांत असं काही करायला वाव आहे.

चाचण्यांबद्दल. जिवंत प्राण्यावर पहिली चाचणी घ्यायची नाही. ती शेवटची पायरी, आणि नैतिक समितीच्या परवानगीनेच. रसेल आणि बर्च यांनी 1959मध्ये मांडलेली तीन तत्त्वं (पर्याय वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा) आजही समित्या याच क्रमाने विचारतात. आधी संगणकावर आणि टेबलावर तपासा. मग कत्तलखान्यातले अवयव. मग नैसर्गिकरीत्या मेलेल्या किंवा आजारामुळे दयामरण दिलेल्या प्राण्यांची शवं, मालकाच्या लेखी संमतीने. हाड ओलं गुंडाळून गोठवलं तर त्याची ताकद फारशी बदलत नाही. मऊ ऊतींचं तसं नसतं, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवा.

आणि प्लेट एका झटक्यात किती भार घेते यावर समाधान मानू नका. प्लेट मोडते ती बहुतेक वेळा थकून. कुत्र्याने एका पायावर दिवसाला 5,000 पावलं टाकली असं धरलं तर 60 दिवसांत 3 लाख फेरे होतात. तेवढे फेरे यंत्रावर मारा, तेही स्क्रूचं एक भोक मुद्दाम रिकामं ठेवून, कारण प्रत्यक्षात मोडलेल्या जागी भोक रिकामंच राहतं आणि प्लेट तिथूनच तुटते. उलट बाजूने, प्लेट फार ताठ केली तर खालच्या हाडावर भारच येत नाही आणि ते विरळ होतं. छोट्या जातीच्या कुत्र्याचं पुढच्या पायाचं हाड 4 मिलिमीटर रुंद असेल तर स्क्रू 1.6 मिलिमीटरच्या वर नको, कारण भोक हाडाच्या रुंदीच्या 40 टक्क्यांहून मोठं झालं की हाड त्याच जागी मोडायला तयार होतं.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल हल्ली सगळेच विचारतात. त्याचा खरा उपयोग आहे: कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात 2018मध्ये कवटीला गाठ झालेल्या एका डॅशहुंड कुत्रीला तिच्या मापाची टायटॅनियमची प्लेट छापून बसवली होती. एकेका रुग्णाच्या मापाने करायच्या गोष्टींना हे तंत्र बनलंय, आणि प्राण्यांत मापं इतकी वेगवेगळी की ते आम्हाला माणसांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त उपयोगी. पण हाड कुठे कापायचं ते दाखवणारा कापणी-मार्गदर्शक घरच्या प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचा छापून आणू नका. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालतो 121 किंवा 134 अंशांवर. बाहेर काढाल तेव्हा तो मार्गदर्शक कुठला मार्ग दाखवेल देव जाणे.

निर्जंतुक करण्याआधी धुणं येतं, आणि ते बहुतेक डिझाइनमध्ये कोणी धरत नाही. सांध्याच्या फटीत, आंधळ्या भोकात, बारीक नळीच्या आत रक्त सुकलं की वाफ तिथे पोहोचत नाही. वस्तू सुटी होते का, ब्रश आत जातो का, एकच माणूस ती पाच मिनिटांत धुऊ शकतो का, हे बघा. स्टेनलेस स्टीलच्या प्लेटला टायटॅनियमचा स्क्रू असं मिश्रणही नको. दोन धातू शरीरातल्या खाऱ्या पाण्यात गंज वाढवू शकतात.

परवान्याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत प्राण्यांच्या उपकरणांना एफडीएची (तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाची) विक्रीपूर्व मंजुरी लागत नाही, पण ते सुरक्षित आणि परिणामकारक असण्याची जबाबदारी उत्पादकाची असते आणि गडबड आढळली तर एफडीए कारवाई करू शकते. युरोपीय संघाचा 2017/745 हा नियम माणसांच्या उपकरणांपुरता आहे. भारतात मात्र वैद्यकीय उपकरणांबद्दलची फेब्रुवारी 2020ची अधिसूचना 1 एप्रिल 2020पासून लागू झाली, आणि तिच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राण्यांसाठीची उपकरणंही येतात. म्हणून ‘प्राण्यांचंच तर आहे’ असं म्हणून सुरुवात करू नका. कायद्याने मागितलं नाही तरी जोखीम व्यवस्थापनाचं आयएसओ 14971 आणि पदार्थाच्या जैवसुसंगतीचं आयएसओ 10993 पहिल्या दिवसापासून पाळा. नंतर कागदपत्रं मागे जाऊन तयार करणं फार जिकिरीचं होतं.

पेटंट आधी की नमुना आधी? नमुना आधी, पण बंद दाराआड. साधा, ओबडधोबड, शवावर चालेल इतपत नमुना झाला की तुमचा दावा नेमका कशावर आहे ते तुम्हालाच कळतं. त्याआधी लिहिलेला अर्ज बहुधा चुकीच्या भागाचं रक्षण करतो. मात्र अर्ज दाखल होईपर्यंत परिषदेत दाखवणं, व्हिडिओ टाकणं, लेख लिहिणं टाळा, कारण जाहीर झालेली गोष्ट बहुतेक देशांत नवी मानली जात नाही. ज्या पशुवैद्याबरोबर काम कराल त्याच्याशी गोपनीयतेचा करार करा आणि शोधकांच्या नावात त्याचं नाव घालायचं का, हे तेव्हाच ठरवा; वाद याच मुद्द्यावर होतात. पेटंट मिळाल्यावर ते कसं वापरायचं हा पुढचा प्रश्न. स्लोकमच्या गुडघ्याच्या तंत्राचं पेटंट होतं आणि बरीच वर्षं ते प्रशिक्षण घेऊन करार केलेल्या शल्यचिकित्सकांपुरतं राहिलं. त्याने दर्जा राखला गेला असं काही म्हणतात, प्रसार अडला असं काही. पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कंपन्यांच्या प्लेटा आल्या आणि शस्त्रक्रिया सगळीकडे पसरली. मला विचाराल तर प्लेटपेक्षा प्रशिक्षणाचा आग्रह योग्य होता. 5 अंशांचा उतार चुकून उलटा गेला तर गुडघ्याचं दुसऱ्या बाजूने नुकसान होतं, आणि ते कुठलीही प्लेट थांबवू शकत नाही.